माउंटन बाइक हाताळायला शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माउंटन बाइक नव्याने शिकणारे मला जे प्रश्न पाठवतात, त्यांतले बरेचसे पुन्हा पुन्हा येतात. अशा प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सुरुवात अगदी पायापासून आहे, अवघड आणि अपवादाचे प्रश्न शेवटाकडे आहेत. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिसला तर तोही वाचा, कारण एकच गोष्ट दोनदा लिहिणं मी टाळलं आहे.

१. मला लहानपणापासून सायकल येते. मग माउंटन बाइकसाठी वेगळं काय शिकायचं?

डांबरी रस्त्यावर आपण सीटवर बसतो आणि सायकल आपल्याला वाहून नेते. खडकाळ वाटेवर सायकल आपल्याखाली सतत हलत असते. पुढचं चाक दगडावर चढतं तेव्हा मागचं खाचेत उतरत असतं, आणि मधेच सगळी सायकल एका अंगाला कलते. अशा जागी बसून राहिलात तर प्रत्येक हादरा कमरेत बसतो आणि सायकल उडाली की तिच्याबरोबर तुम्हीही उडता. पॅडलवर उभं राहून गुडघे आणि कोपरं सैल ठेवलीत, तर सायकल खाली हवी तशी नाचते आणि तुम्ही स्थिर राहता.

इतक्या जणांना शिकवल्यावर माझं एक ठाम मत झालंय: अंगाचं वजन पायांवर हवं, हातांवर नको. ब्रेक, वळण, चढ, उतार, काहीही बिघडलेलं दिसलं की मी आधी तेवढंच तपासते. पुढची बहुतेक उत्तरं फिरून याच ठिकाणी येतात.

२. शिकायला कुठली सायकल चांगली? फुल सस्पेन्शन घ्यावीच लागते का?

नाही. फक्त पुढे सस्पेन्शन असलेली हार्डटेल शिकायला उत्तम. तिच्यावर चूक लगेच कळते, कारण मागचं चाक दगडावर आपटलं की ते थेट तळपायाला जाणवतं. फुल सस्पेन्शन बऱ्याच चुका पोटात घालते. तीच हाताशी असेल तर तीच चालवा, शिकणं अडत नाही. २९ इंची चाकं दगडांवरून सहज जातात, २७.५ इंची जरा चपळ वाटतात. पण नवशिक्याला या फरकापेक्षा फ्रेमचं माप बरोबर असणं कितीतरी महत्त्वाचं. दोन पायांत सायकल घेऊन उभं राहिल्यावर वरच्या दांडीच्या वर मोकळी जागा उरली पाहिजे. आणि ब्रेक चांगले हवेत. शक्य असेल तर हायड्रॉलिक डिस्क, म्हणजे वायरऐवजी तेलाच्या दाबाने चालणारे.

३. सीट किती उंच ठेवायची?

चढाला आणि सपाटीला उंच. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ व्हावा, इतकी. उताराला आणि इथे दिलेल्या जवळजवळ सगळ्या सरावांना मात्र खाली, म्हणजे गुडघे वाकवून खाली बसता येईल आणि सीट मधे येणार नाही. ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालवताना खाली-वर होणारा सीटचा दांडा असेल तर हे बोटाच्या दाबाने होतं. नसेल तर उतरा, सीटचा क्लॅम्प सैल करा, सीट खाली घ्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आळस करू नका. उंच सीटवर उतार शिकणाऱ्यांना सीट मागून ढकलते, वजन हातांवर येतं आणि मग "मला उतार जमतच नाही" असं वाटू लागतं. खरी अडचण सीटची असते.

४. टायरमध्ये हवा किती भरू?

रस्त्यावरच्या सवयीने टायर दगडासारखा टणक केलेला असतो, त्यातली हवा कमी करा. साधारण २.३ ते २.४ इंच रुंदीचे ट्यूबलेस टायर आणि मध्यम वजनाचा चालक असेल तर पुढे २२ ते २४ आणि मागे २४ ते २७ पीएसआय ही सुरुवातीला चांगली जागा आहे. ट्यूब असेल तर तीन-चार पीएसआय जास्त ठेवा, नाहीतर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटून एकाच वेळी दोन भोकं पडतात. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा, कमी असेल तर घटवा. टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादा ओलांडू नका. हवा अंदाजाने अंगठा दाबून न मोजता गेज वापरा, कारण दोन पीएसआयचा फरक वळणात लगेच जाणवतो.

५. पॅडल साधे घ्यावेत की बूट अडकणारे?

शिकायला सपाट पॅडल. त्यावर छोट्या पिना असाव्यात आणि बुटाचा तळवा मऊ, सपाट असावा. पाय केव्हाही काढता येतो म्हणून मन निर्धास्त राहतं. दुसरं म्हणजे पाय पॅडलवर टिकवण्यासाठी टाच खाली दाबावीच लागते, आणि ती सवय पुढे सगळीकडे कामी येते. नडगीला पिनांचे ओरखडे बसू शकतात, म्हणून सुरुवातीला नडगीचे गार्ड घाला. अडकणाऱ्या पॅडलमुळे कुठली वाईट सवय लागते ते प्रश्न १७ मध्ये आहे.

६. 'तयार पवित्रा' म्हणजे नेमकं कसं उभं राहायचं?

पायापासून सुरुवात करू. दोन्ही पॅडल आडव्या रेषेत, एक पुढे एक मागे. पॅडलचा दांडा चवड्याच्या थोडा मागे. टाचा किंचित खाली. गुडघे वाकलेले आणि थोडे बाहेर, म्हणजे सायकलला दोन्हीकडे कलायला जागा राहते. कमरेतून वाका, जमिनीवरची जड वस्तू उचलताना वाकतो तसं. पाठ सरळ, नितंब मागे, छाती हँडलकडे खाली. कोपरं वाकवून बाहेर काढा. हनुवटी वर, नजर पुढे. दोन्ही ब्रेकवर एकेक बोट.

आता परीक्षा. सपाट मैदानात, चालण्याच्या वेगात, या पवित्र्यात सायकल घरंगळू द्या आणि हातांची पकड हळूहळू सोडत जा. आधी करंगळी उचला, मग तिच्या शेजारचं बोट, शेवटी तळवा ग्रिपला नुसता टेकलेला राहील इतकी. छाती पुढे कोसळली तर वजन हातांवर होतं. काहीच झालं नाही, हँडल तुमच्याशिवाय सरळ चालत राहिलं, तर वजन पायांवर आहे. ही परीक्षा मी अजूनही दर वेळी ट्रेलवर जाण्याआधी घेते.

सगळा वेळ असं वाकून राहायचं नसतं. सोप्या वाटेवर सरळ, आरामात उभे राहा. पुढे काही अवघड दिसलं की खाली या. मांड्या भरून आल्या की पवित्रा पहिल्यांदा बिघडतो, म्हणून दम वाचवणं हाही तंत्राचाच भाग आहे.

७. उतारावर "वजन मागे टाक" असं सगळे ओरडतात. किती मागे?

या सल्ल्याने फायद्याइतकंच नुकसान केलंय. भीतीने माणूस इतका मागे जातो की नितंब मागच्या टायरला घासतात आणि हात ताणून सरळ होतात. पुढचं चाक हलकं पडतं. हलकं चाक वळत नाही आणि त्याच्यावरचा ब्रेकही नीट लागत नाही. पुढे खाच आली की हँडल तुम्हाला ओढून पुढे आपटतं, कारण हात आधीच ताणलेले असतात.

गवंड्याचा ओळंबा डोळ्यांसमोर आणा. क्रँकच्या, म्हणजे दोन्ही पॅडल ज्याभोवती फिरतात त्या भागाच्या मध्यातून सरळ वर एक दोरी गेली आहे असं समजा. तुमचं पोट त्या दोरीवर हवं. सपाटीवर ती दोरी हँडल आणि सीटच्या मधून जाते. सायकल उतारावर पुढे कलली की दोरी उभीच राहते, म्हणून सायकलच्या हिशोबाने तुम्ही आपोआप मागे जाता. जमिनीच्या हिशोबाने मात्र जागेवरच असता. जितका उतार तितकंच मागे. वेगळं ढकलायची गरज नाही. कोपरांत नेहमी थोडा वाक उरला पाहिजे, हीच मागे जाण्याची मर्यादा.

८. पुढचा ब्रेक दाबला तर उलटून पडेन ना? मी फक्त मागचाच वापरते.

हा मला सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे, आणि भीती समजण्यासारखी आहे. पण सायकल थांबवायची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. ब्रेक लागला की सगळं वजन पुढे सरकतं. त्यामुळे पुढचा टायर जमिनीत रुततो आणि त्याची पकड वाढते. मागचा टायर त्याच वेळी हलका होतो, म्हणून मागचा ब्रेक जोरात दाबला की चाक लॉक होऊन घसरतं आणि सायकल थांबायला फार लांबते.

लोक उलटतात ते झटक्याने दाबल्यामुळे आणि अंग तयार नसल्यामुळे. हात सरळ, वजन हातांवर, आणि अचानक पूर्ण ब्रेक, असं तिन्ही जुळलं की माणूस हँडलवरून जातो.

असा सराव करा. सपाट, कोरडी, कडक मातीची जागा. जमिनीवर एक काठी ठेवा. चालण्यापेक्षा थोड्या जास्त वेगाने या, काठीशी पोचलात की फक्त मागचा ब्रेक लावा आणि कुठे थांबलात तिथे खडा ठेवा. मग फक्त पुढचा. बोटाने लिंबू पिळतो तसा, हलकं सुरू करून दाब वाढवत न्या. दाब सुरू होताच टाचा खाली ढकला आणि नितंब थोडे मागे-खाली घ्या, म्हणजे थांबण्याचा धक्का पायांतून जमिनीत जाईल. शेवटी दोन्ही ब्रेक एकत्र. तीन खड्यांमधलं अंतर बघितलं की माझ्या सांगण्याची गरज उरत नाही.

सरावाआधी कुठला लिव्हर पुढच्या चाकाचा आहे ते सायकल उचलून, चाक फिरवून तपासा. ब्रिटनमध्ये पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, अमेरिकेत डाव्या. दुसऱ्याची सायकल घेतली तर हे हमखास फसवतं.

९. ब्रेकवर एक बोट की दोन? उतार संपेपर्यंत माझे पंजे आणि मनगटाच्या वरचा भाग दुखून येतो.

हायड्रॉलिक डिस्क असेल तर एकच, तर्जनी. बाकीची तीन बोटं आणि अंगठा हँडल धरायला लागतात. वायरचे ब्रेक असतील तर दोन.

दुखण्याची कारणं बहुधा मांडणीत सापडतात. लिव्हर ग्रिपला चिकटून बसवलेला असेल तर तर्जनी त्याच्या मधोमध पडते आणि जोर जास्त लागतो. क्लॅम्प सैल करून लिव्हर आत सरकवा, टोकाचा वळलेला भाग तर्जनीखाली येऊ द्या. दुसरं, लिव्हरचा कोन. पवित्र्यात उभं राहिल्यावर हात, मनगट आणि बोट एका रेषेत यायला हवं. तिसरं, लिव्हर बोटापासून फार लांब असेल तर त्याचा छोटा स्क्रू फिरवून जवळ आणा, विशेषतः हात लहान असतील तर. एवढं करूनही दुखलं तर परत प्रश्न ६ मधली परीक्षा घ्या. वजन हातांवर येतंय.

१०. लांब उतारावर मी ब्रेक हलकेच धरून ठेवतो, म्हणजे वेग कधी वाढतच नाही. हे बरोबर आहे ना?

सुरक्षित वाटतं, पण दोन तोटे आहेत. ब्रेक तापतो, आणि ब्रेक लागलेलं चाक दगडांवरून मोकळेपणाने घरंगळत जात नाही, अडखळतं.

तापण्याची गोष्ट या खेळाच्या जन्माइतकी जुनी आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही जण जुन्या, जड, जाड टायरच्या सायकलींवरून डोंगर उतरायच्या शर्यती घेऊ लागले. त्या सायकलींना मागच्या हबमध्ये उलटं पॅडल मारून लागणारा ब्रेक होता. जेमतेम सव्वातीन किलोमीटरमध्ये सुमारे ४०० मीटर उतार. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर होऊन जायचं आणि पुढच्या फेरीआधी हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. त्या 'पुन्हा भरण्या'वरूनच त्या वाटेला रीपॅक हे नाव पडलं. आजचे डिस्क ब्रेक कितीतरी चांगले आहेत, तरी सतत धरून ठेवले की लिव्हर मऊ पडतो आणि पॅडचा जळका वास येतो.

पर्याय असा की जिथे जमीन सपाट, कोरडी आणि पकड चांगली आहे तिथे ब्रेक नीट दाबून वेग हवा त्यापेक्षा थोडा कमी करा, आणि जिथे दगड, मुळं, वळण आहे तिथे ब्रेक सोडा. ब्रेक कुठे लावायचा हे आधी ठरवणं म्हणजेच निम्मा उतार जिंकणं.

११. नजर कुठे ठेवायची? मी चाकासमोर बघतो तरी प्रत्येक दगडावर आदळतो.

चाकासमोर बघता म्हणूनच आदळता. चाकाखालचा दगड दिसेपर्यंत काही करायची वेळ निघून गेलेली असते. शिवाय सायकल नजरेमागे जाते: ज्या दगडाला चुकवायचं म्हणून टक लावली, चाक नेमकं तिकडेच वळतं. पुढचे तीन-चार सेकंद तुम्ही जिथे असाल तिथे बघा. वेग वाढला की ती जागा लांब जाईल. जवळचं डोळ्यांच्या कडेने दिसत राहतं, त्यावर विश्वास ठेवायला शिका. अडथळा दिसला की त्याच्या शेजारची मोकळी पट्टी शोधा आणि तिच्याकडे बघा.

१२. वळणात सायकल बाहेर बाहेर जाते. काय चुकतंय?

वळण आत शिरायच्या आधीच बनतं किंवा बिघडतं. वेग सरळ वाटेवर असतानाच कमी करा. टायरची पकड ठरावीक असते. ती ब्रेकमध्ये खर्च केली तर वळायला उरत नाही.

आता आत शिरताना. सायकल कलवा, स्वतः कमी कला. डावं वळण असेल तर डाव्या हाताने ग्रिप खाली दाबा, उजवं कोपर वर उचला. सायकल डावीकडे पडते आणि तुमचं अंग जवळजवळ उभंच राहतं, टायरच्या कडेवर थेट वर. त्यामुळे कडेचे दात मातीत रुततात. रस्त्यावर मोटारसायकलवाले स्वतः आपल्या गाडीपेक्षा जास्त आत झुकतात; सैल मातीत नेमकं उलटं करायचं असतं.

तिसरी गोष्ट पाय. सपाट, बिनकठड्याच्या वळणात बाहेरचा पाय खाली आणि त्याच्यावर सगळं वजन. डाव्या वळणात उजवा पाय खाली. पॅडल चिरडायचंय असा दाब द्या. मातीचा उंच कठडा असलेल्या वळणात मात्र पॅडल आडवेच ठेवा, कारण कठडा तुम्हाला धरतो आणि दोन्ही पायांवर दाब सारखा येतो.

चौथी, डोकं. वळणात शिरतानाच बाहेर पडण्याच्या जागेकडे बघा. नुसते डोळे वळवून भागत नाही. हनुवटी वळवा, पोटही तिकडे वळवा.

सरावाला दोन बाटल्या आठ-दहा पावलांवर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत राहा. आधी फक्त नजर, मग फक्त सायकल कलवणं, मग पाय. तिन्ही एकदम करायला गेलात तर तिन्ही बिघडतात.

१३. सैल खडीत किंवा वाळूत पुढचं चाक निसटतं. वर सांगितलंय तसंच करायचं का?

थोडा बदल करा. सैल खडीत सायकल कमी कलवा, वळण मोठं घ्या आणि पुढच्या ब्रेकला हात लावू नका. वाळूत हँडल घट्ट धरून दिशा सुधारायचा मोह टाळा: पुढचं चाक थोडं वळवळू द्या, वजन जरासं मागे ठेवा आणि हलक्या गिअरमध्ये पॅडल मारत राहा. थांबलात की रुतलात.

१४. चढावर कधी पुढचं चाक उचललं जातं, कधी मागचं घसरतं. मधलं काही सापडत नाही.

सापडतं, तळहाताएवढ्या जागेत. सीटच्या टोकावर सरका, छाती हँडलकडे आणा, कोपरं खाली आणि आत. याने पुढचं चाक जमिनीवर राहतं. मागचं घसरू लागलं तर एक-दोन इंच मागे सरका. सैल चढावर उभं राहून पॅडल मारू नका, मागच्या टायरवरचं वजन जातं. आणि पॅडल गोल मारा. धपाधप दाबलं की प्रत्येक दाबाला चाक फिरून जागच्या जागी खडी उडवतं.

चढावर थांबल्यावर पुन्हा सुरू करणं वेगळं कसब आहे. सायकल वाटेला थोडी तिरकी लावा, मागचा ब्रेक धरा, एक पॅडल वर आणून त्यावर पाय ठेवा, आणि ब्रेक सोडत एकच ठाम दाब द्या.

१५. गिअर कधी बदलायचा?

चढ लागण्याआधी. जोर लावून पॅडल मारताना गिअर बदलला की चेन कडकडते आणि कधी तुटते. चढातच बदलायची वेळ आली तर दोन ठाम पॅडल मारून सायकलला गती द्या, मग क्षणभर पाय हलका करून बदला.

१६. पुढचं चाक उचलायला हँडल ओढतो, पण चाक चार बोटंसुद्धा उचलत नाही.

हातांनी ओढून चाक उचललं जात नाही, कारण ओढताना तुमचं वजन हँडलवरच असतं. दोन रीती आहेत.

पहिली पॅडलने. हळू वेग, हलका गिअर. एक पॅडल वरून जरा पुढे आलेलं असताना त्यावर एकच झटका द्या आणि त्याच क्षणी छाती मागे न्या. चढावरच्या दगडाला हीच रीत.

दुसरी अंगाच्या वजनाने, पॅडल न मारता. पवित्र्यात उभे राहा, हातापायांनी सायकल खाली दाबा, आणि ती उसळून वर येताना नितंब मागे-खाली न्या, पाय पुढे ढकला. हात फक्त दोरीसारखे ताणले जातात. बरोबर जमलं की चाक हलकं होऊन वर तरंगल्यासारखं येतं आणि जोर लावल्याची खूणही राहत नाही. मागच्या ब्रेकवर बोट ठेवा. जास्त मागे गेलात तर तो हलका दाबताच चाक खाली येतं.

१७. बूट अडकवून दोन्ही चाकं सहज उचलता येतात. मग बनी हॉप (दोन्ही चाकं उचलून मारलेली उडी) शिकायची गरज काय?

पायांनी सायकल वर खेचली तर दोन्ही चाकं एकदम उचलली जातात, पण फार उंच जात नाहीत, आणि बूट मधेच सुटला तर तोंडावर आपटता. खरी बनी हॉप दोन भागांची असते: आधी पुढचं चाक (प्रश्न १६ ची दुसरी रीत), मग मागचं. मागच्यासाठी चवडे खाली वळवून पॅडलला मागून पकड द्या, पाय मागे-वर खेचा आणि त्याच वेळी हात पुढे ढकला. दोन्ही भाग वेगवेगळे पक्के झाल्यावरच जोडा. जमिनीवर विटेऐवजी दोरी ठेवा. चुकलात तरी काही बिघडत नाही. यासाठी काही आठवडे सपाट पॅडल लावा, मग हवं तर अडकणारे परत लावा.

१८. पायरीवरून किंवा छोट्या कड्यावरून कसं उतरायचं?

आधी थांबा आणि पायी जाऊन बघा. पायरीखाली उतार आहे का, की सपाट दगड? चाकं सलग घरंगळत जाऊ शकतील इतकी बुटकी असेल तर ओळंबा सांभाळा (प्रश्न ७) आणि ब्रेक सोडा.

उंच असेल तर सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे फार हळू जाणं. पुढचं चाक कडेवरून सुटतं, मागचं अजून वरच असतं, आणि सायकल नाकावर खाली जाते. चालण्यापेक्षा बऱ्यापैकी जास्त वेग हवा. कडेशी हात सरळ करत सायकल पुढे ढकला, पाय सैल ठेवा, दोन्ही चाकं जवळजवळ एकत्र टेकू द्या. सुरुवात वीतभर उंचीपासून करा. पन्नास वेळा सारखं उतरल्यावर मगच पुढची उंची.

१९. ओल्या मुळांवर मी नेहमीच घसरतो.

मुळं काटकोनात ओलांडा. त्यांच्यावर असताना ब्रेक नाही, वळण नाही, पॅडलचा जोर नाही. जे करायचं ते आधी किंवा नंतर. तिरकं मूळ टाळता येत नसेल तर पुढचं चाक हलकं करून पलीकडे टेकवा. मागचं थोडं घसरेल, घसरू द्या. घाबरून हँडल आवळलंत तर छोटी घसरण मोठी होते.

२०. पॅडल दगडांवर आपटतात. सायकल खाली बसवलीय का?

सस्पेन्शन फार मऊ असू शकतं. तुम्ही वर उभं राहिल्यावर मागचा शॉक साधारण २५ ते ३० टक्के आणि पुढचा फोर्क १५ ते २० टक्के दबावा. त्याहून जास्त दबत असेल तर हवा भरा. ते ठीक असेल तर सवय बदला: दगडांतून जाताना पूर्ण फेरा न मारता पॅडल पाव फेरा पुढे, पाव मागे असे मारा. घरंगळताना पॅडल आडवे.

२१. सराव किती आणि कुठे करू? दर रविवारी ट्रेलवर जातो तरी प्रगती दिसत नाही.

ट्रेलवर माणूस शिकत नाही, निभावून नेतो. शिकणं सपाट मैदानात होतं, जिथे चुकलं तर पाय टेकता येतो. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, एका वेळी एकच गोष्ट. आणि हळू. जागेवर तोल धरून थांबायचा सराव हा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: हलक्या चढावर, पुढचं चाक किंचित चढाच्या बाजूला वळवून, पॅडल आडवे, पुढच्या पायाने हलका दाब. पाच सेकंद जमले की बाकी सगळं सोपं वाटू लागतं. ट्रेलवर गेलात तर एखादं अवघड वळण निवडून तेवढंच पाच-सहा वेळा करा. रपेट नंतर.

२२. कुठली सुरक्षा साधनं आवश्यक आहेत?

हेल्मेट नेहमी, मैदानातसुद्धा. भुवईच्या वर दोन बोटं, पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतका. एकदा डोकं आपटलं की ते हेल्मेट बदला, वरून चिरलेलं दिसत नसलं तरी. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि गुडघ्यांचे पॅड घ्या. उड्या आणि तीव्र उतार करणार असाल तर चेहरा झाकणारं हेल्मेट.

२३. ट्रेलवरच्या रंगीत खुणांचा अर्थ काय?

उत्तर अमेरिकेत स्कीइंगवरून आलेली पद्धत आहे: हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम, काळा चौकट-आकार अवघड, दोन काळे चौकट-आकार अतिअवघड. ब्रिटनमध्ये हिरवा, निळा, लाल, काळा असा क्रम आहे, त्यामुळे तिथे निळ्या आणि काळ्याच्या मधे लाल येतो. खुणा त्या भागापुरत्याच तुलनेच्या असतात. नव्या जागी गेलात की नेहमीपेक्षा एक पायरी खालून सुरुवात करा.

२४. समोरून माणसं आली तर कोणी थांबायचं?

तुम्ही. पायी चालणाऱ्यांना आणि घोड्यांना सायकलने वाट द्यायची, आणि उतरणाऱ्या सायकलने चढणाऱ्या सायकलला. घोडा दिसला तर लांबूनच आवाज देऊन थांबा. न दिसणाऱ्या वळणात नेहमी इतक्याच वेगाने जा की जेवढी वाट दिसते तेवढ्यात थांबता येईल.

२५. ई-बाइकवर हे सगळं तसंच लागू पडतं का?

हो, पण वजनाचा हिशोब बदलतो. बहुतेक ई-माउंटन बाइक वीस किलोच्या वर असतात, म्हणून ब्रेक लवकर लावावा लागतो आणि चाक उचलायला आधी जास्त दाबावं लागतं. जागेवर तोल धरण्याचा सराव मोटर बंद करून किंवा सर्वांत कमी मदतीवर करा, नाहीतर पॅडलला पाय टेकताच सायकल पुढे उसळते.

२६. एकदा वाईट पडले. आता तीच जागा आली की हात गोठतात.

मीही पडले आहे. कोरड्या वळणात, बारीक खडीवर, पुढचा ब्रेक धरलेला असताना. खांदा दोन महिने दुखला आणि त्यानंतर प्रत्येक उजव्या वळणाला माझी बोटं आपोआप लिव्हरवर आवळायची. धीर धरून जाऊ म्हटल्याने काही झालं नाही. कामी आलं ते इतकंच: का पडले ते शोधलं, मैदानात तोच आकार खडी टाकून बनवला, आणि चालण्याच्या वेगात शंभरदा तरी घेतला.

तुम्हीही आधी कारण शोधा. ब्रेक, नजर, वजन, वेग, यांपैकी एक सापडेलच. मग त्याच गोष्टीचा सोपा नमुना तयार करा. मूळ जागा आली तर उतरून सायकल हातात धरून चाला. त्या दिवशी तेच योग्य. भीती वाटत असताना जबरदस्तीने घुसलात तर अंग ताठ होतं, आणि ताठ अंगच पाडतं.

२७. वळणात ब्रेक लावू नये म्हणता. पण डोंगरउतारावरच्या अगदी बारीक, मागे फिरणाऱ्या वळणात ब्रेक सोडला तर थेट दरीत जाईन!

बरोबर, आणि हा खरा अपवाद आहे. इथे वेग इतका कमी आणि उतार इतका तीव्र असतो की ब्रेक पूर्ण सोडता येत नाही. वळणाआधीच चालण्याच्या वेगावर या. बाहेरच्या कडेने शिरा, म्हणजे फिरायला जागा मिळेल. हँडल जास्त वळायला लागलं की पुढचा ब्रेक हळूहळू सोडा, कारण वळलेल्या चाकावर ब्रेक लागला तर ते आत दुमडतं आणि सायकल तुमच्यासकट आतल्या बाजूला पडते. मागचा ब्रेक मात्र एकसारखा हलका धरून ठेवा. तो लंगरासारखा काम करतो. पॅडल आडवे, नजर दरीकडे अजिबात नाही, हनुवटी वळणाच्या पलीकडच्या वाटेवर. पुढचं चाक सरळ झालं की पुढच्या ब्रेकवर परत बोट.

वळण इतकं आवळ असेल की सायकलची लांबीच मावत नाही, तर मागचं चाक उचलून फिरवायची एक रीत आहे, पण ती प्रश्न १७ मधला दुसरा भाग पक्का झाल्यावर आणि आधी सपाटीवर. तोपर्यंत आतल्या बाजूचा पाय पॅडलवरून काढून जमिनीवर टेकवा, सायकल फिरवून घ्या आणि पुढे चला.